मॅजिक किंगडममधील मिस्टर टोडची राइड आणि तिच्या चाहत्यांचा विरोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तेथील मॅजिक किंगडम या उद्यानातील ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ ७ सप्टेंबर १९९८ रोजी कायमची बंद करण्यात आली. आकाराने लहान, तंत्राने साधी आणि जेमतेम दोन-तीन मिनिटांत संपणारी ही राइड वाचवण्यासाठी चाहत्यांनी जवळजवळ वर्षभर मोहीम चालवली. कोठेही एखादी जुनी राइड काढली जाऊ लागली की त्या मोहिमेचा उल्लेख आजही हटकून होतो. तिच्याविषयी आणि तिच्या निमित्ताने नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

या राइडमध्ये नेमके काय होते?

केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ मधील ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकात मिस्टर टोड नावाचा एक धनाढ्य, बढाईखोर आणि मोटारीच्या वेडाने पछाडलेला भेक आहे. डिस्नेने १९४९ मध्ये त्याची कथा पडद्यावर आणली आणि त्या चित्रपटावरून ही राइड बेतण्यात आली. प्रवासी जुन्या धाटणीच्या छोट्या मोटारीत बसत आणि त्या क्षणापासून टोडची भूमिका त्यांच्याकडेच येई. गाडी टोड हॉल या वाड्यातून धडाधड दारे ढकलत निघे, वस्तूंना धडकता धडकता वाचे, पोलिसांच्या तावडीत सापडे, तुरुंगापर्यंत जाई आणि शेवटी रेल्वेच्या रुळांवर येई. अंधारात समोरून इंजिनाचा दिवा झगझगत अंगावर येई, टक्कर होई आणि पुढचे दार उघडे ते थेट नरकात. तेथे छोटे छोटे सैतान नाचत असत. त्यानंतर गाडी बाहेर उन्हात येऊन थांबे.

नरकाचा हा प्रसंग ना मूळ पुस्तकात आहे, ना चित्रपटात. लहान मुलांसाठी आखलेल्या राइडचा शेवट प्रवाशाच्या मृत्यूने करण्याची कल्पना ज्यांना सुचली आणि ज्यांनी ती मान्य केली, त्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच आहे. चाहत्यांच्या प्रेमाचे निम्मे कारण या शेवटात असावे, असे आम्हांला वाटते.

ती ‘ऐतिहासिक’ का मानली जाते?

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी चालू असलेल्या राइडपैकी ही एक होती. तिची मूळ आवृत्ती याहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तेव्हा तेथेही टोडची राइड पहिल्या दिवसापासून होती. डिस्नेलँडच्या अनेक आरंभीच्या राइड बनवून देणाऱ्या अ‍ॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने ज्या गाड्या घडवल्या, त्यांत टोडच्या मोटारी होत्या. पुढे याच कंपनीने पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारे रोलर कोस्टर जगाला दिले. त्यामुळे या उद्योगाच्या इतिहासात त्या छोट्या मोटारींना त्यांच्या आकाराच्या मानाने बरेच मोठे स्थान आहे.

तरीही फ्लोरिडातील राइड ही कॅलिफोर्नियाची नुसती नक्कल नव्हती. तिच्यात दोन स्वतंत्र मार्ग होते, दोन्हींची चढण्याची जागा वेगळी होती आणि दोन्हींवर दिसणारे प्रसंगही बऱ्याच अंशी वेगळे होते. एका मार्गाने गेलेल्याला दुसऱ्या मार्गावरचे सगळे दिसत नसे. म्हणूनच ‘तू कुठल्या बाजूने गेलास?’ हा प्रश्न बाहेर पडल्यावर मुले एकमेकांना विचारत. डिस्नेच्या दुसऱ्या कोणत्याही उद्यानात टोडची दोन मार्गांची राइड नव्हती. त्यामुळे कॅलिफोर्नियातील टोड टिकला म्हणून फ्लोरिडातील टोड टिकला, असे म्हणता येत नाही.

तिच्या बांधणीचे तंत्रही आता दुर्मिळ होत चालले आहे. प्लायवुडच्या फळ्यांतून सपाट आकार कापून घ्यायचे, ते चमकणाऱ्या रंगांनी हाताने रंगवायचे आणि काळोखात अतिनील दिव्यांच्या प्रकाशात असे मांडायचे की रंगवलेला भाग तेवढा उजळून दिसेल आणि बाकीचे सगळे अंधारात बुडून जाईल, अशी ती पद्धत होती. खोलीचा आभास रंगांनी निर्माण व्हायचा आणि वेगाचा आभास वळणांनी. गाडीचा खरा वेग फार नसे. मात्र दर दोन-चार सेकंदांनी वळण घेणाऱ्या गाडीत बसलेल्याला आता काय समोर येईल याचा अंदाज येत नसे.

मग ती काढली का?

तिच्या जागी विनी द पू या अस्वलाची राइड आणायची होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पूची चित्रे असलेली खेळणी, कपडे आणि इतर वस्तू इतक्या खपत होत्या की डिस्नेमध्ये ते अस्वल खुद्द मिकी माउसशी स्पर्धा करू लागले होते. एवढ्या लोकप्रिय पात्राची मॅजिक किंगडममध्ये राइड नव्हती. उलट, टोडला ओळखणारी मुले कमी होत चालली होती आणि त्याच्या नावाने विकण्यासारखेही फारसे काही नव्हते. पूची राइड जून १९९९ मध्ये टोडच्याच इमारतीत सुरू झाली आणि राइडमधून बाहेर पडणारा पाहुणा सरळ पूच्या वस्तूंच्या दुकानात येईल, अशी व्यवस्था करण्यात आली.

व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय अनाकलनीय नव्हता, हे चाहत्यांनीही मान्य करायला हवे. उद्यानातील जागा मर्यादित असते. उद्यानाच्या मध्यभागी असलेल्या राजवाड्याच्या आसपासची जागा सर्वांत मोलाची असते आणि नवी इमारत बांधण्यापेक्षा जुन्या इमारतीचे आतले रूप बदलणे स्वस्त पडते. आक्षेप घ्यायचा तर तो वेगळ्याच मुद्द्यावर घ्यावा लागेल. वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे हजारो एकर मोकळी जमीन असताना पूसाठी नेमके टोडचेच घर का लागावे, असा चाहत्यांचा सवाल होता. त्याला पटण्याजोगे उत्तर कधीच मिळाले नाही.

चाहत्यांना हे कसे कळले?

वर्तमानपत्रातून कळले. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ने टोडची राइड जाणार आणि तिच्या जागी पू येणार असे वृत्त दिले. कंपनीने त्या वेळी स्पष्टपणे दुजोरा दिला नाही. पुढचे अनेक महिने चाहते एका निर्णयाविरुद्ध लढत होते आणि तो निर्णय झाला आहे की नाही, हेही कोणी त्यांना धडपणे सांगत नव्हते.

त्यांच्या संशयाला एक ताजे कारण होते. मॅजिक किंगडममधील पाणबुड्यांची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ ही राइड सप्टेंबर १९९४ मध्ये देखभालीसाठी म्हणून तात्पुरती बंद झाली आणि पुन्हा कधीच उघडली नाही. तिला निरोप देण्याची संधीही कोणाला मिळाली नाही. ज्यांनी तो अनुभव घेतला होता, त्यांनी टोडच्या वेळी अधिकृत घोषणेची वाट पाहत बसायचे नाही असे ठरवले, तर त्यात आततायीपणा दिसत नाही.

‘टोड-इन’ म्हणजे काय?

चाहत्यांनी ठरावीक दिवशी राइडपाशी जमून केलेल्या निषेधाला हे नाव पडले होते. अमेरिकेत १९६० च्या दशकात नागरी हक्कांसाठी आणि युद्धाविरोधात लोक एखाद्या ठिकाणी ठिय्या देऊन बसत. त्या पद्धतीची ही जाणीवपूर्वक केलेली गमतीदार नक्कल होती. सहभागी लोक हिरवे टी-शर्ट घालून येत. मिकी मिस्टर टोडचा जीव का घेतो आहे ते मला विचारा, अशा अर्थाचा मजकूर त्या टी-शर्टवर छापलेला असे. कोणी थांबून विचारले की त्याला राइड जाणार असल्याची माहिती मिळे. शिवाय सगळे मिळून राइडच्या रांगेत उभे राहत आणि पुन्हा पुन्हा तिच्यात बसत.

उद्यान खाजगी मालकीचे असल्यामुळे निषेध करणाऱ्यालाही आत येण्यासाठी कंपनीचेच तिकीट काढावे लागे, हा या प्रकारातला विनोद आंदोलकांच्याही ध्यानात होता. त्यांनी घोषणाबाजी केली नाही, रस्ता अडवला नाही आणि कर्मचाऱ्यांशी हुज्जतही घातली नाही. ज्या पात्राची सारी कथा कायदा मोडण्यावर उभी आहे, त्याच्या समर्थकांनी इतके शिस्तीत वागावे, याचे आम्हांला आजही कौतुक वाटते. ही शिस्त त्यांच्या फायद्याचीच ठरली. वर्तमानपत्रांना आणि दूरचित्रवाणीला ही बातमी हवीहवीशी वाटली आणि ज्या राइडचे नावही अनेकांनी ऐकले नव्हते, तिच्याविषयी देशभर बोलले गेले.

प्रत्यक्ष जमणाऱ्यांची संख्या मोठी नव्हती. मोहिमेचा खरा पसारा पत्रे, पोस्टकार्डे आणि ई-मेल यांत होता. इंटरनेट घराघरांत नुकते पोहोचू लागले होते. वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांना एका राइडसाठी एकत्र आणणे त्यामुळे शक्य झाले. दहा वर्षे आधी हीच राइड काढली गेली असती, तर प्रत्येक चाहता आपापल्या घरी एकटाच हळहळला असता.

विरोध करणारे मोठी माणसे होती. मुलांच्या राइडसाठी प्रौढांनी भांडणे हास्यास्पद नाही का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्यामागे बहुधा थोडी कुचेष्टा असते. तरी त्याचे उत्तर गांभीर्याने द्यायला हवे.

१९७१ मध्ये सहा-सात वर्षांचे असलेले मूल १९९८ मध्ये तिशी ओलांडून गेले होते आणि अनेकदा स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच दारातून आत येत होते. अशा माणसाला राइडमधला प्रत्येक प्रसंग पाठ असतो. रेल्वेच्या दिव्यापाशी शेजारी बसलेले आपले मूल आता किंचाळणार, हे त्याला आधीच माहीत असते. त्यामुळे त्याची मजा राइडमध्ये जेवढी असते तेवढीच शेजारच्या सीटवर असते. उद्यान पिढ्यान्‌पिढ्या चालते ते याच ओढीवर. डिस्नेच्या जाहिरातींनीही आपल्या उद्यानांतील आठवणी कुटुंबाने जपाव्यात असेच वर्षानुवर्षे सांगितले आहे. लोकांनी ते खरे मानले आणि त्याप्रमाणे वागले, तर त्यांना हसण्याचा अधिकार निदान कंपनीला तरी उरत नाही.

दुसरी गोष्ट कारागिरीची आहे. नाटकाचा नेपथ्यकार जसा चार फळ्या आणि दोन दिवे घेऊन रंगमंचावर वाडा उभा करतो, तसेच टोडच्या राइडचे होते. तिच्यात यंत्राची करामत थोडी होती आणि चित्रकाराची जास्त. अशी कलाकृती संग्रहालयात हलवून टिकवता येत नाही. सुटा केलेला सैतान म्हणजे रंगवलेली फळी. तो अंधार, ती वळणे, दारे उघडण्याचा तो आवाज आणि समोरून येणारा तो दिवा हे सगळे एकत्र असेल, तरच ती राइड असते. चित्र, पुस्तक किंवा ध्वनिमुद्रिका लोकांच्या पसंतीतून उतरली तरी कोठेतरी कपाटात पडून राहते आणि पुढच्या पिढीला सापडू शकते. राइडला ती सोय नाही. ती चालू असते किंवा नसते. चाहत्यांच्या घाईमागे आणि संतापामागे ही जाणीव होती आणि तिला बालिश म्हणणे आम्हांला पटत नाही.

अर्थात अतिरेक झालाच नाही असे नाही. मोठ्या अन्यायांविरुद्धच्या लढ्यांची भाषा जशीच्या तशी उचलून एका राइडला लावणे काही वेळा खटकते. टोडच्या मोहिमेतील बहुतेकांना आपण थट्टा करत आहोत याचे भान होते. नंतरच्या काळातील इतर राइडच्या चाहत्यांविषयी तेवढ्याच खात्रीने बोलता येत नाही.

कंपनीने काय प्रतिसाद दिला?

सभ्य आणि गुळमुळीत. पत्रे लिहिणाऱ्यांना आभाराची उत्तरे गेली आणि आंदोलकांना उद्यानातून हाकलून देण्यात आले नाही. मात्र बंद होण्याची अधिकृत घोषणा प्रत्यक्ष बंद होण्याच्या जेमतेम काही दिवस आधी झाली. दूरच्या राज्यांत राहणाऱ्यांना विमानाची तिकिटे काढून शेवटची फेरी घ्यायला येण्याइतकाही अवधी उरला नाही. आमच्या मते कंपनीची खरी चूक येथे झाली. राइड काढण्याचा अधिकार मालकाचा आहे, याबद्दल वाद नाही. वर्षभर पत्रे लिहिणाऱ्या ग्राहकांना वर्षभर अंधारात ठेवणे हा त्या अधिकाराचा भाग नव्हता.

पुढे डिस्नेचीच पद्धत या बाबतीत बरीच बदलली. याच मॅजिक किंगडममधील रिव्हर्स ऑफ अमेरिका हा कृत्रिम नदीचा परिसर, त्यातील वाफेवर चालणारी बोट आणि टॉम सॉयर बेट जुलै २०२५ मध्ये बंद झाले, तेव्हा शेवटचा दिवस आधीच जाहीर करण्यात आला होता आणि निरोप देण्यासाठी लोकांना वेळ मिळाला. त्याही वेळी चाहते संतापले, परंतु आपल्याला फसवले गेले ही भावना त्या संतापात नव्हती.

शेवटचा दिवस कसा गेला?

७ सप्टेंबर १९९८ हा अमेरिकेतील कामगार दिनाच्या सुट्टीचा सोमवार होता. चाहते आले, राइडमध्ये बसले आणि त्या रात्रीनंतर ती पुन्हा उघडली नाही.

म्हणजे मोहीम फसली, असेच ना?

राइड वाचवणे हा हेतू धरला तर फसली. मात्र तिच्या दोन खुणा पूच्या राइडमध्येच राहिल्या आहेत. पूच्या गोष्टीतील घुबडाच्या घरातून गाडी जाते, तेव्हा भिंतीवर एक चित्र दिसते. त्यात मिस्टर टोड आपल्या घराचा दस्तऐवज त्या घुबडाच्या हाती सोपवतो आहे. त्याच खोलीत टोडचा मित्र मोल याचेही एक चित्र आहे आणि त्यात तो पूसमोर आहे. नवी राइड घडवणाऱ्या कलाकारांनी आपल्या हाताखाली गेलेल्या जुन्या राइडची नोंद अशा प्रकारे ठेवली. वरिष्ठांना काहीही वाटो, कलाकारांना चाहत्यांचे म्हणणे समजले होते, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. त्यामुळे आत शिरताच नजर भिंतीकडे ठेवावी.

तिसरी खूण अधिक खट्याळ आहे. मॅजिक किंगडममधीलच हाँटेड मॅन्शन या भुताटकीच्या राइडमधून बाहेर पडताना टेकडीवर पाळीव प्राण्यांचे एक खोटे स्मशान लागते. त्यात मागच्या बाजूला मिस्टर टोडचा छोटा पुतळा उभा आहे.

चाहत्यांच्या रागामुळे एखादी गोष्ट खरोखर परत आली आहे का?

आली आहे, आणि तीही त्याच सुमाराला. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधीलच एपकॉट या उद्यानात १९८३ पासून ‘जर्नी इन्टू इमॅजिनेशन’ ही राइड होती आणि फिगमेंट नावाचा छोटा जांभळा ड्रॅगन तिचा प्राण होता. ती राइड ऑक्टोबर १९९८ मध्ये, म्हणजे टोडनंतर साधारण महिन्याभराने बंद झाली. वर्षभराने तिची जी नवी आवृत्ती आली, तिच्यात फिगमेंट जवळजवळ नव्हताच. लोकांनी ती आवृत्ती इतकी नापसंत केली की २००१ मध्ये ती बंद करावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंटला पुन्हा मध्यवर्ती भूमिका देऊन तिसरी आवृत्ती उघडण्यात आली.

या दोन प्रकरणांतला फरक पाहण्यासारखा आहे. फिगमेंटच्या जागी आलेली गोष्ट लोकांना आवडली नाही, म्हणून तो परतला. पूची राइड मात्र लोकांना आवडली. तिच्या दारात पहिल्या दिवसापासून रांगा लागल्या. काढून टाकलेल्या राइडच्या आठवणीपेक्षा तिच्या जागी आलेल्या राइडचे अपयश कंपन्यांना लवकर ऐकू येते.

अशा राइडना कायद्याचे संरक्षण मिळू शकत नाही का?

मिळू शकते, पण क्वचित आणि बहुधा ती राइड स्वतंत्र, उंच, लाकडी आणि शहराच्या नजरेसमोर असेल तरच. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधील सायक्लोन हा लाकडी रोलर कोस्टर १९२७ चा आहे. १९७० च्या दशकात त्याच्या जागेवर शेजारच्या मत्स्यालयाचा विस्तार करण्याचा बेत होता. तो लोकांच्या विरोधामुळे बारगळला. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने सायक्लोनला वारसा वास्तूचा दर्जा दिला आणि १९९१ मध्ये तो राष्ट्रीय पातळीवरचे ऐतिहासिक स्थळ ठरला. तो आजही चालतो.

त्याच्यापासून काही अंतरावर १९२५ चा थंडरबोल्ट होता. त्याला असा दर्जा नव्हता. तो १९८० च्या दशकाच्या आरंभी बंद पडला, वेलींनी वेढला गेला आणि नोव्हेंबर २००० मध्ये शहर प्रशासनाने धोकादायक ठरवून पाडून टाकला. मालक न्यायालयात गेला आणि पुढे ज्यूरीने पाडकाम समर्थनीय नव्हते असा कौल दिला. तोपर्यंत लाकडाची वासलात लागली होती.

इंग्लंडमधील मार्गेट या समुद्रकाठच्या गावात ड्रीमलँड उद्यानातील सीनिक रेल्वे हा १९२० चा लाकडी रोलर कोस्टर आहे. उद्यान विकून तेथे दुसरे काही बांधले जाईल, अशी भीती निर्माण झाल्यावर २००३ मध्ये स्थानिकांनी मोहीम सुरू केली. सुदैवाने त्याआधीच, २००२ मध्ये, त्या राइडची संरक्षित वास्तूंच्या यादीत नोंद झालेली होती. २००८ मध्ये आग लावली गेल्यामुळे तिचा बराच भाग जळाला. तरीही संरक्षित असल्यामुळे ती पुन्हा बांधली गेली आणि २०१५ मध्ये सुरू झाली.

टोडला यातले काहीही उपयोगी पडले नसते. त्याची राइड एका मोठ्या इमारतीच्या आत होती, ती इमारत तशीच उभी राहणार होती आणि राइडचे वय तेव्हा अवघे २७ वर्षे होते. वारसा संरक्षणाचे कायदे इमारतींसाठी लिहिलेले असतात. अंधाऱ्या खोलीत मांडलेला अनुभव त्यांच्या व्याख्येत सहजी बसत नाही.

मग प्रत्येक जुनी राइड वाचवलीच पाहिजे का?

नाही. डिस्नेच्याच स्प्लॅश माउंटन या पाण्याच्या राइडचे उदाहरण घ्यावे. ती १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर आधारलेली होती. गुलामगिरीनंतरच्या काळातील अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांमधल्या कृष्णवर्णीयांचे जीवन त्या चित्रपटात ज्या गोडगुलाबी रीतीने रंगवले आहे, त्यामुळे कंपनीने तो अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीला आणला नाही. जून २०२० मध्ये ही राइड बदलण्याची घोषणा झाली, २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया येथील दोन्ही राइड बंद झाल्या आणि २०२४ मध्ये टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची राइड त्यांच्या जागी आली. रूळ, पाणी आणि शेवटची उडी मात्र तीच राहिली. टोकियोतील स्प्लॅश माउंटन चालूच राहिली.

येथेही याचिका झाल्या आणि शेवटच्या दिवसांत काहींनी राइडमधले पाणी बाटल्यांत भरून ऑनलाइन विकायला काढले. स्प्लॅशच्या चाहत्यांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र राइडचा आधारच अनेकांना अपमानास्पद वाटत असेल, तर इतरांच्या आठवणी हे ती तशीच ठेवण्याचे पुरेसे कारण होत नाही. टोडच्या बाबतीत असा कोणताही प्रश्न नव्हता. तेथे केवळ एका पात्राची विक्री दुसऱ्यापेक्षा जास्त होत होती. दोन्ही विरोध सरसकट एकाच मापाने मोजण्याची सवय टाळलेली बरी.

महाराष्ट्रात असे काही घडले आहे का?

मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. शाळेच्या सहली, फेरीबोटीचा प्रवास आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीतील ते गाणे यांमुळे एक संपूर्ण पिढी त्याच्याशी जोडलेली होती. बंद झाल्याचे कळल्यावर लोकांनी जुने फोटो बाहेर काढले आणि हळहळ व्यक्त केली. टोडसारखी संघटित मोहीम मात्र उभी राहिली नाही. संपूर्ण उद्यानच बंद होते तेव्हा राग धरायला एखादी विशिष्ट राइड उरत नाही, हे त्याचे एक कारण असावे. आपल्याकडे अशा ठिकाणांकडे वारसा म्हणून पाहण्याची सवय अजून रुजलेली नाही, हे दुसरे. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये बंद झाले, तेव्हाही चित्र फारसे निराळे नव्हते.

एखादी आवडती राइड जाणार असे कळले तर चाहत्याने काय करावे?

पत्रे जरूर लिहावीत, पण नोंदी त्याआधी कराव्यात. फ्लोरिडातील टोडची राइड आज ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांनाही थोडीफार कळते, ती शेवटच्या वर्षात चाहत्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रीकरणांमुळे. दोन्ही मार्गांवर कोणता प्रसंग कोणत्या क्रमाने येई, भिंतींवर काय रंगवले होते आणि कोणता आवाज कोठे ऐकू येई, याची माहिती त्यांनीच जमवली. काळोखातल्या राइडचे त्या काळच्या कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण धूसर येते. आजचे फोन ते काम कितीतरी चांगले करतात. मात्र फ्लॅश वापरू नये. तो इतरांची मजा घालवतो आणि चमकणाऱ्या रंगांचा परिणाम पुसून टाकून चित्रणही बिघडवतो. रांगेची जागा, फलक आणि गाडीवरचे रंगकाम यांचीही छायाचित्रे घ्यावीत, कारण राइडच्या आतले चित्रण अनेकजण करतात आणि बाहेरचे कोणाला सुचत नाही.

टोडची राइड आज कोठे अनुभवता येते?

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडमध्ये. १९८३ मध्ये त्या राइडची नव्याने उभारणी झाली आणि तिला टोड हॉलचे सध्याचे दर्शनी रूप मिळाले. नरक अजून शाबूत आहे. अमेरिकेत मुलांकडे जाणारे आपल्याकडचे आई-वडील हल्ली डिस्नेला भेट देतातच. त्यांना चक्कर आणणाऱ्या वेगवान राइड झेपत नसतील, तर ही सोसण्यासारखी आहे. मात्र वळणे झटके देणारी आहेत, हे ध्यानात ठेवावे. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये टोड हॉल नावाचे उपाहारगृह आहे, परंतु तेथे राइड नाही.

फ्लोरिडातील टोड परत येईल का?

तशी चिन्हे नाहीत. पूची राइड पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, म्हणजे त्या इमारतीतील तिचा मुक्काम आता टोडच्या जवळजवळ बरोबरीला आला आहे. १९९९ मध्ये तिच्यात पहिल्यांदा बसलेली मुले आज तिशीच्या आसपास असून स्वतःची मुले घेऊन येऊ लागली आहेत. उद्या कंपनीने पूची राइड काढायचे ठरवले, तर विरोधाला पुढे येणारे लोक तेच असतील आणि त्यांचे म्हणणे १९९८ मधल्या चाहत्यांपेक्षा फारसे वेगळे नसेल.